शेजारी लागला की थांबायचं

सेलूच्या ज्युनियर कॉलेजात मी सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बारावीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मला पुस्तकापेक्षाही चांगला येतो, असा माझा ठाम समज होता. निरोगी पेशी बशीत वाढायला ठेवली की ती पसरते, सरकते, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पण तिची कड शेजारणीच्या कडेला लागली की ती थांबते. सरकणं बंद, वाढणं बंद. बशीचा तळ भरेपर्यंत एकच थर होतो, चटई अंथरल्यासारखा, आणि मग सगळं गप्प. कॅन्सरची पेशी मात्र थांबत नाही. ती शेजारणीच्या अंगावर चढते, खालून घुसते, थरावर थर रचत जाते. याला कॉन्टॅक्ट इनहिबिशन म्हणतात. पोरं नाव पाठ करायची आणि अर्थ विसरून जायची, म्हणून मी त्याचं नाटकच करायचो.

मैदानात फक्कीनं मोठा गोल आखायचा. दहा-बारा पोरांना डोळे मिटायला लावून आत सोडायचं. चालत राहा, खांद्याला खांदा लागला की जागच्या जागी थांबा. पाच मिनिटांत सगळे थांबलेले असत. मग मी एकाच्या कानात सांगायचो, तू थांबू नको. तो ढकलत, कुणाच्या पायावर पाय देत, गोल मोडून बाहेर यायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे. पोरींचा गोल वेगळा आखावा लागायचा. पोराचा खांदा पोरीला लागला असता तर दुसऱ्या दिवशी पालक प्राचार्यांच्या खोलीत बसलेले दिसले असते. एवढं करूनही ज्याच्या डोक्यात शिरलं नाही त्याला मी बांधाचं सांगायचो. चांगला शेजारी बांधापाशी औत उचलतो, वाईट शेजारी दरसाल वीतभर बांध कोरतो. हे सगळ्यांना कळायचं, कारण तसलं एक भांडण प्रत्येकाच्या घरात चालू असायचंच.

तर एवढं सगळं ज्याला येत होतं, तो माणूस दर रविवारी वालूरला धाकट्या भावाकडे जेवायला जायचा. आणि त्याच घरात, त्याच्यापासून सात-आठ हातांवर, एका बाईच्या गालात आतून ह्या पेशी वाढत होत्या. ती माझी भावजय. धाकट्याची बायको. म्हणजे मी तिचा भाया.

नवऱ्याच्या धाकट्या भावाशी थट्टा चालते, थोरल्याशी बोलणंही चालत नाही, अशी आमच्याकडची रीत. थोरला, म्हणजे भाया, घरात आला की पदर कपाळावरून खाली ओढायचा आणि आवाज आत घ्यायचा. त्याच्या समोर बसायचं नाही, त्याच्या खाटेला टेकायचं नाही, आणि चुकून अंगाला अंग लागलं तर दोघांनीही आंघोळ करायची. आजकालच्या पोरी हे मानत नाहीत, आणि बरंच करतात. पण हिनं चोवीस वर्षं पाळलं आणि मी तिला पाळू दिलं. मी शिकलेला, विज्ञानाचा मास्तर, एका शब्दानं म्हणू शकलो असतो की बाई, सोड हे. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मी उंबऱ्यात पाय ठेवला की घर सावरून बसायचं, ह्यात काय गोडी असते ते थोरल्या भावांनाच ठाऊक.

ती माझ्याशी बोलायची ती आतल्या खोलीतून आणि दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्यासारखं. "म्हणावं, चहा ठिवलाय." "म्हणावं, भाकर आणखी टाकू का?" कुणाला म्हणावं, तर कुणालाच नाही, ओसरीत तर मी एकटाच बसलेला. मीही दाराकडं बघून उत्तर द्यायचो, "पुरे म्हणावं." चोवीस वर्षांत आमच्या दोघांत जेवढं बोलणं झालं ते सगळं असं भिंतीला आपटून झालं. मला तिचे हात माहीत होते, हातची भाकर माहीत होती, टाचांच्या भेगाही माहीत होत्या. तोंड मी लग्नात पाहिलं तेवढंच.

वाढताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ती पदराचं टोक दातात धरायची. एका वर्षी उन्हाळ्यात ते बंद झालं. डाव्या हातानं पदर धरायचा आणि उजव्यानं वाढायचं, असं सुरू झालं. ताट जरा वाकडं व्हायचं, आमटी एकीकडं जायची. मी ते पाहिलं. मास्तराची नजर, पोराच्या बाकाखाली चिठ्ठी असली तरी दिसते. दिसलं आणि मी भाकर मोडून खायला लागलो.

आमच्या घरातल्या बाया मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. तिला मिश्री लावायला माझ्याच आईनं शिकवलं, पहिल्या बाळंतपणात दाढ दुखायला लागली तेव्हा. आई आता नाही, आणि तिला तरी काय बोलणार, आपलेच दात अन् आपलेच ओठ. कॉलेजात मी गुटख्यावर भाषण ठोकायचो, पोरांचे खिसे तपासायचो, पुड्या जप्त करायचो. घरी तव्याचा वास आला की खोकत अंगणात जाऊन उभा राहायचो. बाईमाणसाच्या मिश्रीला कुणी व्यसनात धरत नाही, मीही धरलं नाही.

दिवाळीला माझी बायको सोबत आली होती. जावाजावा दिवसभर स्वयंपाकघरात होत्या. परत येताना मोटारसायकलवर मागून ती म्हणाली, "तिचं तोंड दोन बोटांपल्याड उघडंना गेलंय. भाकर दुधात कुस्करून खायलीय. गालात आतून पांढरं पडलंय म्हणली. तुमी बघा की एकदा."

"मी कसं बघू? मी भाया हाय तिचा."

"मग पोरायला रोज काय शिकवता ओ? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

मला राग आला. मी गाडीचा वेग वाढवला. राग कशाचा आला ते त्या वेळी कळलं नाही, आता चांगलं कळतं. पांढरं पडलंय आणि तोंड उघडत नाही, ह्या दोन गोष्टी एका ओळीत ऐकल्यावर मला जे आठवायला पाहिजे होतं ते आठवलं होतं. आठवलं आणि मी ते खाली दाबलं. असेल तोंड आलेलं, म्हटलं, अंगात उष्णता असेल. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं मलम घेतलं आणि रविवारी भावाच्या हातात दिलं. सकाळी एक, संध्याकाळी एक.

"एकदा मानवतला दातांच्या डॉक्टरला दाखव," हेही मी त्याला म्हणालो, उगीच माझ्यावर नको म्हणून.

"कापूस उरकू द्या दादा. बायाच मिळंना गेल्यात वेचायला, हिलाच जावं लागायलंय."

"बरं, उरकू दे."

उरकू दे म्हणताना मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

गोळ्या संपल्या की मी नव्या न्यायचो. अशा चार वेळा नेल्या. दर रविवारी ओसरीत बसून मी दाराला विचारायचो, "फरक हाय का म्हणावं?" आणि आतून यायचं, "म्हणावं, हाय." ते 'हाय' दर खेपेला थोडं जाड, थोडं गिळलेलं यायचं. मी समाधानानं जेवायचो. भायानं शहरातून औषध आणलंय, त्याला तोंडावर न्हाई कोण म्हणणार? तिला तसं म्हणता येतच नव्हतं, हे चोवीस वर्षं मान घेणाऱ्याला कळायला पाहिजे होतं. ती माझा मान राखत होती आणि मी त्याला औषधाचा गुण समजत होतो.

फाल्गुनात एका सकाळी भाऊ तिला मोटारसायकलवर मागं बसवून सेलूला माझ्या दारात आला. जबड्याखाली गाठ आली होती, पदरातूनही दिसत होती. तसेच परभणीला गेलो. डॉक्टरनं टॉर्च लावून पाहिलं. मी पडद्याच्या अलीकडं उभा होतो, तिथंही माझी पाठच होती.

"किती महिने झाले?" डॉक्टरनं विचारलं.

भाऊ म्हणाला, "दोन-तीन आसतील."

पडद्याआडून आवाज आला, "अकरा." म्हणावं नाही, काही नाही, सरळ डॉक्टरला. अकरा महिने.

तपासायला कणभर तुकडा काढला होता. साधा माणूस असता तर ती जागा चार-पाच दिवसांत भरून आली असती. गुडघा खरचटला की काय होतं हेही मी शिकवायचो. कडेच्या पेशींना कळतं की शेजारीण नाहीशी झाली. मग त्या उघड्या जागेत सरकायला लागतात, पलीकडच्याही इकडं येतात, मध्ये भेट होते, एकमेकींना लागल्या की थांबतात. जखम बरी झाली म्हणजे तेवढंच, सगळ्या वेळेवर थांबल्या. हिच्या गालातली ती कणभर जागा भरलीच नाही, उलट कडेनं उंच होत गेली. रिपोर्ट यायला आठवडा लागला, पण बायको बघून सांगायची, त्यावरून मला पाचव्या दिवशीच कळलं होतं. ह्या खेपेला मी तोंड उघडून भावाला सांगितलं. वरातीमागून घोडं.

संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डावा जबडा काढला, जिभेचाही भाग गेला. मग विजेचे शेक. ती घरी आली तेव्हा बोलणं गेलं होतं, नाकातून नळी होती, चेहऱ्याची एक बाजू आत बसली होती. तरी ओसरीत माझी चाहूल लागली की हात आधी पदराकडं जायचा. अर्धा चेहरा उरला होता, पदर मात्र पुरा. मी बाहेरच खाकरून थांबायला लागलो, तिला ओढायला वेळ मिळावा म्हणून. हेसुद्धा मी समजूतदारपणाच समजत होतो.

त्या वर्षी वर्गात तो परिच्छेद आला तेव्हा मी गोल आखला नाही. नुसता वाचून दाखवला. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, कॅन्सरच्या पेशीला शेजारीण लागलेली कळतच नाही, का कळूनही ती थांबत नाही?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चांगला प्रश्न होता. लागलेलं कडेला कळतं बहुतेक, पण कडेचा निरोप आतपर्यंत पोचत नाही, पोचला तर आत कुणी मानत नाही, असं काहीतरी मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, परीक्षेला नाही ते, पुढं चला. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. आमच्या घरात उलटं झालं होतं. आम्ही एकमेकांना लागायच्या आधीच थांबलो होतो, आठ हातांवर, मानानं, आणि त्या आठ हातांत तिचं मरण खुशाल वाढत राहिलं. मला तिथं रडू आलं. शेजारच्या मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

सहा महिने बरे गेले. ती शेतात जायला लागली, खुणेनं सांगायची, नळी निघाली, पातळ पेज चमच्यानं जायची. मग त्याच बाजूला पुन्हा सुरू झालं. भाऊ एकटा जाऊन डॉक्टरला भेटून आला आणि मला म्हणाला, "आता आणू नका म्हणले. तिला न्हाई सांगितलं मी. जखमंचं हाय, बरं होतंय म्हणलो." तोवर मी निवृत्त झालो होतो. रोज सकाळच्या एसटीनं वालूरला जायचो, औषधं, कापूस, पट्ट्या काय लागतील त्या घेऊन. पट्टी माझी बायको बांधायची. ती नसली की भाऊ बांधायचा आणि मग गोठ्यात जाऊन ओकायचा. मी ओसरीत बसायचो.

एक दिवस भावानं मला अंगणातच गाठलं. "दादा, तुमी तिला सांगा, कमी होतंय म्हणून. माझं ती मानंना गेलीय. तुमी म्हणलात की मानंल."

"मी कसं सांगू?"

"तुमचं मानती ती. पैल्यापासून मानती."

मी बरं म्हणालो. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. ती आतल्या खोलीत खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी दारात उभा राहिलो. पदर होताच. भाऊ माझ्या मागं. सांगायचं वाक्य मी पोरांनी परीक्षेआधी घोकावं तसं अंगणातून इथंवर घोकत आलो होतो. कमी व्हायलंय, घाबरू नको. तिच्याजवळ एक वही असायची, लागेल ते त्यात लिहायची, सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं लिहिलं आणि वही माझ्याकडं धरली. घ्यायला मला खाटेपर्यंत जावं लागलं.

लिहिलं होतं, दादा, बघून सांगा.

चोवीस नाही, तोवर सव्वीस वर्षं झाली होती, तिनं मला पहिल्यांदा हाक मारली ती अशी. मी मान वर केली तेव्हा पदर खांद्यावर होता. मी मोबाईलची बॅटरी लावली. तिनं पट्टी स्वतःच्या हातानं सोडली आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं. माझा दुसरा हात तिच्या हनुवटीला लागला. मी फळ्यावर रंगीत खडूनं दरवर्षी काढायचो, एकावर एक चढलेल्या, वेड्यावाकड्या, कुणाचं कुणाला नसलेल्या पेशी. तसं काही तिथं दिसत नाही. तिथं मांस दिसतं आणि वास येतो. गालातून ते खाली गळ्याकडं निघालं होतं.

बॅटरी बंद केली. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळ्यांत डोळे घालून, आणि ते डोळे काळे नसून घारे आहेत हे मला तेव्हा कळलं.

"वाढलंय," मी म्हणालो. "आता थांबायचं न्हाई ते."

मागं भावाची पावलं अंगणात गेलेली ऐकू आली. तिनं मान हलवली. रडली नाही. पट्टीचं टोक सापडेना तेव्हा मी धरून दिलं, तिनं गुंडाळून घेतली. मग वही मांडीवर घेतली आणि बराच वेळ लिहीत बसली. मला वाटलं सासरी दिलेल्या लेकीचं काहीतरी असेल, बाळंतपणाचं. एकच ओळ होती.

मी दाखवायला दोनदा आले होते.

"कवा?" मी विचारलं.

एक संक्रांतीला, एक तुरी काढल्या तवा, तिनं लिहिलं. तुमी तोंड फिरवलं.

संक्रांतीचं मला आठवतं. मी ओसरीत वर्तमानपत्र वाचत होतो. घरात कुणी नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली, दोन हातांवर, आणि डोक्यावर पदर नव्हता. मला वाटलं घसरलाय, बिचारीच्या ध्यानात नाही, लाजून चूर होईल. म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं आणि बांगड्यांचा आवाज आत जाईपर्यंत तसाच बसून राहिलो. घरी येऊन बायकोला म्हणालोही होतो की मी तोंड फिरवलं, आजकाल इतकं कोण पाळतं.

ती गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तुरी काढल्या तेव्हाचं मला आठवत नाही. मी कुठं बसलो होतो, ती कुठून आली, किती वेळ उभी राहिली, काहीच आठवत नाही.